रात्रीचा स्क्रीन: नाइट लाइट, एफ.लक्स, डार्क मोड की ब्लू-कट चष्मा?

नागपूरच्या मिहान या आयटी-औद्योगिक वसाहतीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे असोत, की खोलीवर मध्यरात्रीपर्यंत एमपीएससीच्या पीडीएफ वाचणारी पोरं, विचारणं एकच: डोळ्यांसाठी काय लावू? माझं ठाम मत आहे की आधी ब्राइटनेस उतरवा. अंधाऱ्या खोलीत दुपारच्याच ब्राइटनेसवर चालणारा मॉनिटर कितीही पिवळा केला तरी डोळ्यांवर येणारच. लॅपटॉपवर हे सोपं आहे. डेस्कटॉपच्या मॉनिटरसाठी मात्र विंडोजमध्ये बहुधा स्लायडरच दिसत नाही आणि मागची बटणं चाचपडावी लागतात. ट्विंकल ट्रे हे मोफत अ‍ॅप तो स्लायडर टास्कबारवर आणून देतं, फक्त मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय (कॉम्प्युटरला मॉनिटरची सेटिंग बदलू देणारी सोय) चालू हवं.

मग रंगाकडे वळा. स्क्रीन पिवळसर करणारं विंडोजमधलं नाइट लाइट २०१७ पासून आहे, काही उतरवायला लागत नाही आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. तेच काम करणारं एफ.लक्स हे अ‍ॅप २००९ चं, घरगुती वापराला मोफत. त्यात संध्याकाळचा आणि झोपेआधीचा रंग वेगळा ठेवता येतो, अगदी २००० केल्विनच्या खालीही नेता येतो (दिवसाचा साधारण ६५००; आकडा जितका कमी तितका रंग पिवळा). फोटोशॉपसारख्या अ‍ॅपपुरतं ते बंदही राहतं. रंगांचं काम करत असाल तर तेवढ्यासाठी एफ.लक्सच घ्या.

दोन्ही सूर्यास्ताप्रमाणे चालू शकतात, पण नागपुरात मी तसं ठेवणार नाही. जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात ऑफिस सुटायच्या आतच स्क्रीन पिवळा! नाइट लाइटमध्ये स्वतःची वेळ टाका, झोपेच्या दोनेक तास आधीची.

डार्क मोड कोडसाठी छान. लांबलचक मजकुराला, विशेषतः सिलिंड्रिकल नंबर असेल तर, काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरट दिसतात. देवनागरीच्या बारीक मात्रा तर हरवतातच.

निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कट चष्म्यावर जादा पैसे घालू नका. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं दिसलं नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, आणि त्यावर काचेचा रंग काय करणार? उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट तोंडावर असेल तर तो आधी बाजूला वळवा.