माझंच इंजिन मला ऐंशी हजारांना विकलं

गेल्या आठवड्यात मिठबावच्या एका बागायतदाराचा फोन आला. गाडी घाटात बसली, गॅरेजवाला म्हणतो इंजिन बांधण्यापेक्षा (म्हणजे खोलून दुरुस्त करण्यापेक्षा) बदला, काय करू? त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितो. आजवर लाजेपोटी लिहिलं नव्हतं.

माझी गाडी 2009 ची, सात आसनी, डिझेल. घर देवगड तालुक्यात, आंब्याची दीडेकशे कलमं, त्यामुळे गाडीला आराम असा नाहीच. 2022 च्या मार्चमध्ये किलोमीटरचा काटा एक लाख नव्वद हजारांवर होता. सकाळी चालू केली की मागून निळसर धूर, आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल कमी. आमच्या मेस्त्रींनी चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून तळहात धरला. आतून भकभक वाफारा आला. "बोअर झिजलो हा," म्हणाले. बोअर म्हणजे पिस्टन वरखाली होतो ती नळी. "पण घाई नाय. सीझन जाऊंदे, पावसात बांधूया. तवसर पाणी नि ऑइल बघत रव." पासष्ट-सत्तर हजार आणि पंधरा दिवस, एवढा त्यांचा अंदाज होता.

ऑइल मी बघत होतो, पाणी नाही. खाऱ्या हवेत रेडिएटरच्या जाळ्यांचा पार भुगा होतो, आणि आम्ही वरून विहिरीचं पाणी ओतत राहतो. आतून गंज, बाहेरून मीठ. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बारा पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालो. फोंडा घाटात अर्ध्यावर गेल्यावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, बॉनेटमधून वाफ, आणि गाडी बंद. पेट्या एका टेम्पोत चढवल्या. टेम्पोवाल्यानेच एक नंबर दिला. त्या गॅरेजची जीप आली आणि टोचन करून गाडी वर घेऊन गेली. गॅरेज कुठलं, कोणाचं, ते लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी एसटीने गेलो तर इंजिन उतरवून, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) काढून, सगळं रॉकेलच्या ट्रेमध्ये मांडलेलं. मला न विचारता. मालकाने ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, नख फिरवून दाखवलं: "हा बघा तडा. लेथवर प्रेशर देऊन बघितलंय, पाणी झिरपतंय." मला एक काळी रेघ दिसली. ऑइलचा ओघळही तसाच दिसतो, हे आता कळतंय. कुठल्या लेथवर, म्हणजे इंजिन-कामाच्या कुठल्या वर्कशॉपमध्ये, हे मी विचारलं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही कामं रोज चालतात. पिकअप करून ब्लॉक स्वतः तिथे नेला असता तर त्याच दिवशी खरं-खोटं झालं असतं. पण बागेत तोड चालू होती, गिऱ्हाइकांचे फोन थांबत नव्हते, आणि डोक्यात एकच, गाडी कधी मिळणार.

मग त्याने हिशेब मांडला. नवा ब्लॉक आणून बांधायचं तर दीड लाख आणि महिना. नाहीतर त्याच्याकडे अपघातातल्या गाडीचं इंजिन येणार होतं, "फक्त चाळीस हजार चाललेलं". त्याचे पंचाण्णव, आणि माझं जुनं भंगारात पंधराला धरून ऐंशी हजार. सहा दिवसांत गाडी हातात, सहा महिन्यांची गॅरंटी. मेस्त्रींच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा हजार जास्त, पण त्यात मला जवळजवळ नवं इंजिन मिळत होतं! सौदा इतका सरळ दिसला की कोणालाही फोन करावासा वाटला नाही. साठ हजार तिथेच यूपीआयने दिले, तेही त्याच्या भाच्याच्या खात्यावर, कारण "माझं जरा बँकेचं काम चालू आहे".

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. मी विचारलं, इंजिन नंबर बदलेल, आरसी बुकाचं काय? तो हसला. "पाव्हणं, तुमचाच नंबर मारून देतो. आरटीओचं टेन्शनच नाही." मला त्यावेळी सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या इंजिनावर आपला नंबर ठोकणं म्हणजे सरळ बनावटगिरी, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर दारात पोलीस माझ्या येणार. कायदेशीर रस्ता असा की इंजिन बदललं तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. त्यासाठी ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचे कागद आणि इंजिन नंबर घातलेलं खरेदी बिल लागतं. हे कागद मागितले असते तरी त्याची बोलती बंद झाली असती. मी मागितले नाहीत, कारण मलाही शॉर्टकट हवाच होता.

सहाव्या दिवशी गाडी तयार. इंजिन चांदीच्या भांड्यासारखं चकचकीत, सिल्व्हर रंग मारलेला. क्लच प्लेट आणि किरकोळ धरून ब्याण्णव हजार झाले. निघताना म्हणाला, "आता पाच वर्षं बॉनेट उघडू नका." घाट उतरताना गाडी खरंच हलकी वाटली.

गॅरंटी नोव्हेंबरअखेर संपली. संक्रांतीला धूर परत आला. फोन केला तर म्हणे तुमच्याकडचं डिझेल खराब. मेस्त्रींकडे जायची हिंमत नव्हती. त्यांना न विचारता एवढं केलं, आता कुठल्या तोंडाने जाणार? सर्व्हिसिंग कणकवलीला करत राहिलो, ऑइल ओतत राहिलो.

जून 2024 ला गाडीला पंधरा वर्षं झाली. पुन्हा पासिंग करायचं म्हणजे पाच हजार फी, पर्यावरण कर वेगळा, आणि निरीक्षक चेसिस नंबरचा ठसा घेणार, इंजिन नंबर तपासणार. ओरोसच्या आरटीओत रांगेत उभा होतो तेव्हा पोटात गोळा आला होता. ठोकलेला नंबर ओळखला तर? निरीक्षकाने फडक्याने जागा पुसली, मोबाइलचा टॉर्च मारला, अंगठा फिरवला. "बरोबर आहे. कंपनीचाच पंच आहे, काही छेडछाड नाही." पुढच्या गाडीकडे गेलेसुद्धा.

मी सुटकेचा श्वास सोडून गाडीत बसलो आणि किल्ली फिरवता फिरवता हात थांबला. कंपनीचाच पंच कसा?

तिथून थेट मेस्त्रींकडे. त्यांनी आधी मला मनसोक्त झापलं. मग वाकून अल्टरनेटरच्या ब्रॅकेटखाली रंग खरवडला. 2016 साली ब्लॉकमधल्या एका भोकाचे आटे गेले होते, तेव्हा त्यांनीच भोक मोठं करून एक साइज मोठा बोल्ट मारला होता. तो बोल्ट तसाच. "ह्यां तुझांच इंजिन," एवढंच म्हणाले. ब्रॅकेट, चेंबर, पंप हे एका इंजिनावरून दुसऱ्यावर जातं. ब्लॉकमध्ये पाडलेलं भोक जात नाही.

हेड काढलं. पिस्टन मूळचे, स्टँडर्ड साइजचे, बाजूला ओरखडे. फक्त पिस्टनवरच्या रिंगा नव्या. बोअरच्या वरच्या टोकाला नख अडकेल एवढी कड. रिंग वरच्या भागात जास्त घासते, त्यामुळे बोअर वर रुंद आणि अंडाकृती होतो. अशा बोअरमध्ये नव्या गोल रिंगा घातल्या तर काही महिने बरं चालतं, मग पुन्हा ऑइल वर चढतं. माझे सहा-सात महिने त्यातलेच. ब्लॉक प्रेशरला लावून बघितला, यावेळी मी समोर उभा होतो. तडा कुठेच नाही. घाटात गेलेलं ते हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग. गॅरेजवाल्याने केलेलं एवढंच: हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणं), गॅसकेट, रिंगा आणि रंगाचा डबा. मेस्त्रींच्या हिशेबाने सगळं मिळून वीस हजारांच्या आत.

गॅरेजला फोन केला. बिल वाचा म्हणाला. बिलावर लिहिलेलं "इंजिन ओव्हरहॉलिंग". बदललं हा शब्दच नाही. ग्राहक आयोगात आपल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही, पण मुदत दोन वर्षांची. माझी दोन वर्षं नुकतीच उलटून गेली होती. मुदत फसवणूक कळली तेव्हापासून धरा असं भांडता येईल, पण बिलाचं काय करणार, असं वकील म्हणाले. नंबर मारून देण्याचं बोलणंही तोंडीच, आणि ते पुढे आणलं असतं तर आधी माझंच तोंड काळं झालं असतं. सोडून दिलं.

मिठबावच्या माणसाला मी पहिलं हेच विचारलं, इंजिन अजून गाडीत आहे का? असेल तर उतरवू देऊ नकोस. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजायला सांग. सगळे सिलिंडर सारखे कमी असतील तर बोअर-रिंगांची झीज. शेजारचे दोनच पडलेले असतील तर बहुतेक गॅसकेट, आणि ते स्वस्तातलं काम. कामाला सुरुवात होण्याआधी इंजिन नंबरचा फोटो काढ, ब्लॉकवर कोपऱ्यात पंचाने दोन ठिपके मार आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत माग. धुराचा रंगही बघ: निळा म्हणजे ऑइल, पांढरा आणि पाणी कमी होत असेल तर गॅसकेट, काळा म्हणजे डिझेलचं नोझल किंवा पंप. काळ्या धुरासाठी इंजिन उतरवायला लावणारे महाभाग आहेत.

त्याने विचारलं, मग बदलायचं कधी? कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तडा खरोखर प्रेशरला दिसला असेल, किंवा क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) पुन्हा ग्राइंड करण्यापलीकडे गेला असेल तेव्हा. बाकी बिडाचा ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टनवर चालतो. माझा आता वीस थाऊवर, म्हणजे इंचाच्या वीस हजारांशाने मोठ्या पिस्टनवर, चालतोय. पिस्टन, बेअरिंगं, बोरिंग, नवा रेडिएटर सगळं धरून चौऱ्याहत्तर हजार लागले, आणि दिवस पंधरा नाही, बावीस. मेस्त्रींचा शब्द कधी वेळेवर उतरला आहे?

जुने चार पिस्टन त्यांनी गोणपाटात बांधून माझ्या हातात दिले. आमच्या पडवीत ठेवलेत. झिजलेलं कसं दिसतं ते कोणाला बघायचं असेल तर या, आंब्याच्या दिवसांत आलात तर दोन आंबेही खाऊन जाल.