कोआगुचेक एक्सएस: आयएनआर घरी मोजायचं यंत्र, दोन वर्षं वापरून

आमचं गाव गुहागर तालुक्यात. रक्त तपासायची लॅब चिपळूणला, एसटीने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. मार्च २०२३ मध्ये मुंबईत माझी मायट्रल झडप बदलली. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यात ती खराब झाली होती. आता आत यांत्रिक झडप आहे. रात्री निजानीज झाली की तिची टिकटिक मला ऐकू येते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून असिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची, आणि रक्त किती पातळ झालंय ते आयएनआरवर बघत राहायचं. हा आकडा जितका जास्त, तितकं रक्त पातळ. मला २.५ ते ३.५ च्या मध्ये राहायला सांगितलंय.

हे यंत्र का घेतलं, ते आधी सांगते. घरी आल्यावर दहाव्या दिवशी मला दम लागायला लागला. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून तीन रात्री खुर्चीत बसून काढल्या. पावलं सुजली, लघवी कमी झाली. येणारा-जाणारा म्हणायचा, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, अशक्तपणा राहणारच. मलाही ते पटत होतं. चौथ्या दिवशी यांनी गाडी करून चिपळूणला नेलं. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलेलं, आणि आयएनआर ६.८. मध्ये खोकल्यासाठी अँटिबायोटिक झालं होतं. काही अँटिबायोटिकांनी असिट्रॉमचा जोर वाढतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्या आठवड्यातली तपासणी गाडीअभावी राहून गेली होती. रातोरात मुंबई गाठली. नळी घालून पाऊण लिटर रक्तमिश्रित पाणी काढलं, तेव्हा कुठे मी आडवी झोपले.

जुलैमध्ये मुलाने हे यंत्र आणून दिलं. हातात मावेल एवढं, पेन्सिल सेलवर चालतं, त्यामुळे पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज गेली तरी अडत नाही. पट्ट्यांच्या प्रत्येक डबीबरोबर एक चिप येते, ती बदलायला विसरायचं नाही. पट्टी लावायची, यंत्र गरम होऊ द्यायचं, बोट टोचून एक थेंब द्यायचा. साधारण मिनिटभरात आकडा येतो.

खरं कसब त्या थेंबात आहे. सुरुवातीच्या माझ्या पाच पट्ट्या वाया गेल्या. थेंब लहान पडला तर वर दुसरा घालून चालत नाही, पट्टी फुकट जाते. आता मी कोमट पाण्याने हात धुते, नीट कोरडा करते, थोडा वेळ खाली सोडून ठेवते आणि बोटाच्या कडेला टोचते. मध्यावर टोचलं तर भाकरी थापताना दुखत राहतं. बोट पिळायचं नाही. टोचल्यावर पंधरा सेकंदांच्या आत थेंब पट्टीला लागला पाहिजे, म्हणून यंत्र आधीच टेबलावर सपाट ठेवून तयार असावं.

आकडा खरा येतो का? पहिल्या तीन वेळी त्याच दिवशी लॅबमध्येही रक्त दिलं. २.९ ला २.७, ३.४ ला ३.१, आणि एकदा दोन्हीकडे २.६. माझ्या डॉक्टरांना तेवढा फरक चालतो. आकडा जास्त चढला तर मात्र शिरेतून रक्त देऊन खात्री करायची, असं त्यांनी बजावलंय. आणि गोळीचं प्रमाण मी स्वतः कधीही बदलत नाही. आकडा फोनवर कळवते, ते सांगतात तसं करते. ज्यांना अ‍ॅनिमिया आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, रक्त फारच कमी असेल तर यंत्र भरवशाचं राहत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो श्रावणात. आमच्याकडे टाकळा, भारंगी, अळू सगळं एकदम सुरू होतं, आणि गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी झालीच पाहिजे. मी ती दोन्ही वेळा पोटभर खाल्ली, वर दोन दिवस अळूचं फतफतं. चौथ्या दिवशी यंत्रावर १.८. पाल्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा जोर उतरतो. त्याच दुपारी गोळी वाढवून मिळाली, पाच दिवसांनी २.७. पूर्वीसारखी महिन्याने लॅबला गेले असते तर तोवर मी उघड्यावरच होते. भाज्या सोडलेल्या नाहीत. रोज थोडी, सारख्या मापाने खाते. पाल्याची भाजी आता वाटीभर.

खर्चाचं म्हणाल तर यंत्र महाग, आणि एकेक पट्टी लॅबच्या तपासणीपेक्षा महाग पडते. चिपळूणात राहत असते तर कदाचित घेतलं नसतं. पट्ट्या २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात. एप्रिल-मेमध्ये मी डबी फ्रिजच्या दारात ठेवते. एकदा एका दुकानदाराने मुदत संपायला तीनच आठवडे राहिलेली चोवीसची डबी पाठवली, परतही घेतली नाही. तेव्हापासून पैसे देण्याआधी डबीवरच्या तारखेचा फोटो मागवते, आणि सहाचीच डबी घेते.