६३ युरोंचा डॉइचलँडटिकेट घ्यावा का? जर्मनीतल्या एका मराठी घराचा अनुभव

जर्मनीत चार मराठी माणसे एकत्र जमली की घरभाडे, आउसलेंडरबेहोर्डची (परदेशी नागरिकांच्या व्हिसा-परवान्याचे कार्यालय) अपॉइंटमेंट आणि रेल्वे हे तीन विषय निघाल्यावाचून राहत नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून डॉइचलँडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, ५८ युरोंवरून ६३ युरोंवर गेला आणि तेव्हापासून तिसऱ्या विषयाने पहिल्या दोघांना मागे टाकले आहे. मी आणि माझी पत्नी एर्लांगेनला राहतो, ती कामासाठी रोज न्युर्नबर्गला जाते, आणि आम्ही दोघेही हा पास १ मे २०२३ ला सुरू झाला तेव्हापासून सलग वापरत आलो आहोत. नव्याने येणारी मुले आम्हाला नेहमी विचारतात की एवढे पैसे घालून हा पास घ्यावा का, म्हणून त्याचे गुणदोष एकदा सविस्तर लिहीत आहे.

पास म्हटले की आपल्याला लोकलचा पास आठवतो, पण तो दोन स्थानकांपुरता असतो. हा पास संपूर्ण देशातल्या सिटी बस, ट्राम, भुयारी रेल्वे, एस-बान (उपनगरी रेल्वे) आणि प्रादेशिक गाड्यांच्या दुसऱ्या वर्गात चालतो. हॅम्बुर्गच्या बंदरातल्या प्रवासी बोटीतही तो चालतो आणि सीमा ओलांडून साल्झबर्गच्या मुख्य स्थानकापर्यंतही नेतो. आयसीई, आयसी यांसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र तो चालत नाही. न्युर्नबर्गहून म्युनिकला जायचे तर आयसीई साधारण तासाभरात पोहोचवते, आणि या पासावर चालणारी इंगोलश्टाटमार्गे जाणारी प्रादेशिक गाडी पावणेदोन तासांच्या आसपास घेते. तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात पासपोर्टच्या कामासाठी वर्षातून एकदा जाणाऱ्याला तो जादा वेळ जड जात नाही.

माझ्या मते या पासाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या किमतीत नाही. मी इथे आलो तेव्हा प्रत्येक शहराची स्वतंत्र भाडेपद्धत होती, झोनचे नकाशे होते, आणि यंत्रावरच्या जर्मन शब्दांपैकी निम्मे मला कळत नसत. पहिल्याच महिन्यात एका शहरात मी योग्य तिकीट योग्य पैसे देऊन काढले, पण ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो हे मला ठाऊक नव्हते. मुंबईत एकेकाळी कूपन पंच करावी लागत, तसाच हा प्रकार. साध्या कपड्यातल्या तपासनिसाने तिकीट उलटसुलट करून पाहिले, कोऱ्या चौकटीवर बोट ठेवले आणि ६० युरोंच्या दंडाची पावती फाडली. त्या दिवशी डब्यातली माणसे माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मी अजून विसरलेलो नाही, कारण फुकट्या ठरण्याची पाळी माझ्यावर आयुष्यात कधी आली नव्हती. डॉइचलँडटिकेट आल्यापासून कोणता झोन, कोणता दर, शिक्का कुठे, हे प्रश्नच उरले नाहीत. अनोळखी गावात उतरलो तरी समोर येईल त्या बसमध्ये बिनधास्त बसता येते, आणि परक्या भाषेत चुकण्याची धास्ती वाटत नाही. नव्याने आलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती पूर्वी पैसे देऊनही मिळत नव्हती.

किमतीचा इतिहास थोडक्यात असा आहे. २०२२ च्या जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये अवघ्या ९ युरोंचे मासिक तिकीट निघाले आणि गाड्या गणपतीतल्या कोकणच्या गाड्यांसारख्या भरून वाहिल्या. त्या प्रयोगातून ४९ युरोंचा हा पास जन्माला आला, २०२५ च्या जानेवारीत तो ५८ युरो झाला आणि आता ६३. केंद्र एकीकडे आणि सगळी राज्ये मिळून दुसरीकडे, दरवर्षी प्रत्येकी दीड अब्ज युरो यात घालतात, आणि ते पैसे पुढे कोणी द्यायचे यावर वर्षानुवर्षे वाद रंगत आला आहे. तीन वर्षांच्या आत १४ युरो वाढले ही गोष्ट नोकरदार माणूस सोसू शकतो, पण खोलीचे भाडे भागवताना मेटाकुटीला येणाऱ्या विद्यार्थ्याला ती बोचते, आणि त्याचे म्हणणे मला पटते. पुढच्या वर्षी हा पास कितीला पडेल, या टांगत्या प्रश्नाचा त्रास तर दरवाढीहूनही अधिक आहे, कारण गावाबाहेर स्वस्त घर घ्यायचे की शहरात महाग, हा निर्णय अनेकांनी याच पासाच्या भरवशावर घेतलेला असतो.

नोकरी करणाऱ्यांनी आपल्या कंपनीत जॉबटिकेटची (कंपनीमार्फत सवलतीत मिळणारा हाच पास) चौकशी जरूर करावी. कंपनीने किमान २५ टक्के भार उचलला तर आणखी ५ टक्के सूट मिळते, आणि पास जास्तीत जास्त ४४ युरो १० सेंटना पडतो. माझ्या माहितीतल्या कित्येकांनी केवळ विचारले नाही म्हणून वर्षभर पूर्ण पैसे भरले.

खरेदीची पद्धत ही या पासाची दुबळी बाजू आहे. तो सुटा मिळत नाही, दरमहा आपोआप पैसे कापून घेणारी वर्गणी घ्यावी लागते. काही विक्रेते आधी ग्राहकाची आर्थिक पत तपासतात, आणि ज्याचे बँक खाते उघडून दोन आठवडे झालेले नाहीत त्या विद्यार्थ्याचा अर्ज कारण न सांगता फेटाळला जातो. त्याने खचून जाऊ नये, दुसऱ्या विक्रेत्याकडे अर्ज करावा, कारण पास कोणत्याही शहराच्या वाहतूक संस्थेकडून घेतला तरी चालतो सगळीकडेच. वर्गणी बंद करायची असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावे लागते. आम्ही एका दिवाळीला सहा आठवड्यांसाठी पुण्याला गेलो, बॅगा भरण्याच्या गडबडीत ती तारीख हुकली आणि दोन पासांचे पैसे वाया गेले. चूक आमचीच होती, पण विक्रेत्याने एक आठवण पाठवली असती तर बरे झाले असते. फोन बदलताना तर पास जुन्या फोनमध्येच अडकून पडला आणि तो सोडवायला मला चार पत्रे लिहावी लागली. मिळत असेल तिथे प्लास्टिकचे चिपकार्डच मागून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण जानेवारीच्या थंडीत फोनची बॅटरी २० टक्क्यांवरूनही एकदम मान टाकते. पास वैध असूनही दाखवता आला नाही तर तो नंतर नेऊन दाखवल्यावर दंड ७ युरोंपर्यंत खाली येतो, हे मात्र लक्षात असू द्यावे.

सेवेविषयी बोलायचे तर मन खट्टू होते. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर इथल्या हिशेबात उशीर धरलाच जात नाही, आणि तासभर उशीर झाला तरी या पासावर भरपाई मिळते ती दीड युरो. तीही चार युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत म्हणून तीन उशीर साठवून मग अर्ज करायचा. पत्नीच्या गाडीऐवजी रुळांच्या कामामुळे बदली बस सोडली जाते तेव्हा २५ मिनिटांचा प्रवास तासावर जातो, आणि ती बस नेमकी कुठे थांबते हे सांगणारा कागद खांबाला उलट्या बाजूने चिकटवलेला असतो. तिने असे काही आठवडे काढले आहेत की पाळणाघरात मुलीला घ्यायला तिच्याआधी मी धावत पोहोचलो.

कुटुंबासाठी आणखी एक उणीव आहे. सहा वर्षांखालची मुले फुकट जातात, पण त्यापुढच्या मुलांना स्वतंत्र तिकीट लागते. आई-वडील उन्हाळ्यात येतात तेव्हा सहलींसाठी आम्ही पाच जणांपर्यंत चालणारे बायर्न-टिकेट, म्हणजे आमच्या बव्हेरिया राज्याचे एका दिवसाचे तिकीट, काढतो, जे कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच चालते. गेल्या वेळी बाबा पूर्ण तीन महिने राहिले, तेव्हा मात्र त्यांच्यासाठी मी हाच पास घेतला. ते रोज सकाळी नाश्ता करून एकटेच निघत, न्युर्नबर्गच्या विनाचालक भुयारी रेल्वेत अगदी पुढच्या काचेशी उभे राहून बोगदा पाहत आणि जेवणाच्या वेळेला घरी येत. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नाही, आणि तीन महिन्यांत त्यांना कोणाला काही विचारावे लागले नाही. या मे महिन्यात आई-बाबा पुन्हा येत आहेत. त्यांचे दोन पास मी आताच नोंदवून ठेवले आहेत, आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ते परत जाण्याच्या महिन्यातल्या १० तारखेभोवती पत्नीने लाल पेनाने गोल काढला आहे.