चौदा फाशांचा सेट: 30 चा झकास, 5 आणि 7 चा मात्र भरवसा नाही

डंजन क्रॉल क्लासिक्स, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र घेऊन फाशांवर खेळायचा साहसाचा गेम, खेळायला घेतलं की पहिली अडचण हीच, सात बाजूंचा फासा आणायचा कुठनं? नेहमीच्या 4, 6, 8, 10, 12, 20 बाजूंच्या सेटवर या गेमचं भागत नाही, 3, 5, 7, 14, 16, 24, 30 असले फासे पण लागतात. सहा महिने मोबाइलवर रोल करून काढले, मजा येईना, शेवटी ऑनलाइन चौदाचा सेट मागवला, बाराशेला पडला.

14 आणि 16 चे एक नंबर. दहाच्या फाशासारख्याच पतंगी बाजू, फक्त जास्त, आणि सगळ्या एकसारख्या म्हणून शंकेला जागाच नाही. 30 चा तर नुसता हातात फिरवत बसावं, तीसच्या तीस बाजू शंकरपाळ्यासारख्या. घरंगळतो मात्र फार, दोनदा कपाटाखालून काढलाय.

घोळ 5 आणि 7 चा. पाचचा म्हणजे त्रिकोणी ठोकळा, दोन बाजू त्रिकोणी नि तीन चौकोनी, सातचा तसाच पण पंचकोनी. बाजू सारख्या नाहीत त्यामुळे सगळं जाडीवर आणि खाली काय आहे त्यावर. आमचा पाचचा काचेच्या टेबलावर बघावं तेव्हा त्रिकोणावरच झोपलेला, सतरंजीवर जरा माणसात येतो. आज्जीच्या सारीपाटाचे फासे आठवा, लांबट, टोकांवर आकडेच नाहीत कारण टोकावर ते उभेच राहत नाहीत, विषय संपला! इथे टोकं पण मोजायची म्हणून लफडं. आम्ही सरळ दहाचा टाकून निम्मे करतो, आणि सातसाठी आठचा, 8 पडला की परत टाक.

दुसरी तक्रार, 24 च्या फाशावर 6 आणि 9 च्या खाली रेघच नाही! विकणाऱ्याला कळवलं तर म्हणे फोटो पाठवा, पाठवले, पुढे शांतता.

तरी पैसे वाया गेले असं नाही म्हणणार, कारण या गेममध्ये परिस्थिती बाजूने असली की पडलेल्या आकड्यात नुसते +2 मिळत नाहीत, फासाच बदलतो, 20 च्या जागी 24, उलट असली की 16. जज, म्हणजे गेम चालवणारा, जेव्हा तो 24 चा उचलून हातात देतो ना, तेव्हा टेबलावरचे सगळे पुढे सरकतात. परवा मला मिळाला, लागायला 8 हवे होते, पडला तो 6 की 9 यावर कल्ला. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 25 येते, मग दोघं काचेखाली वाकून बघायला लागले. खाली 19. म्हणजे 6. गेला वार फुकट.