‘आयसी उडालीय’ म्हणाला आणि माझ्याकडून १२,३०० रुपये घेतले

ज्यांच्या घरी रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर आहे आणि त्याला यूएसबीवर चालणारं साऊंड कार्ड (माइकचा आवाज कॉम्प्युटरला देणारं डबडं) आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. कार्डातून चरचर यायला लागली की माणूस घाबरतो, वायर काढतो आणि थेट दुकान गाठतो. मीही तेच केलं.

मी अमळनेरला राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अहिराणी गाणी जमा करतोय. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), कानबाईची (खानदेशातल्या देवीच्या सणाची), हळदीची, जात्यावरची. ज्यांना ही गाणी तोंडपाठ आहेत त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत, एक कंडेन्सर माइक आहे, सहा वर्षांपूर्वीचं दोन इनपुटचं साऊंड कार्ड आहे आणि टेबलाखाली जुना डेस्कटॉप.

यंदा आखाजीला पारोळ्याहून फुई, म्हणजे आत्या, आली. वय ७८. गौराईची आणि झोक्यावरची गाणी ती एकामागून एक म्हणते, मध्ये पाणीसुद्धा मागत नाही. तिसऱ्या गाण्यात हेडफोनमध्ये फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला. मग कॉम्प्युटरने ‘उपकरण निघालं’ची घंटी वाजवली आणि रेकॉर्डिंग थांबलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. फुई माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “मन्हा आवाजमा खरखर शे का रे भाऊ?” तिला वाटलं तिचा गळा बसला. त्या एका वाक्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. खरं तर घरी बसून अर्धा तास तपासायला हवं होतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदार बोलायला फार गोड. कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, “सर, आयसी, म्हणजे आतली चिप, उडालीय. आपल्याकडचा उन्हाळा, ४५ डिग्री, हे नाजूक आयटम टिकत नाहीत. टेन्शन घेऊ नका, संध्याकाळी या.” उन्हाचं कारण मला पटलं, कारण जळगाव-भुसावळच्या उन्हात काय काय बंद पडतं ते आपण सगळेच बघतो. संध्याकाळी गेलो तर त्याने कार्ड स्वतःच्या कॉम्प्युटरला लावून गाणं वाजवून दाखवलं. स्वच्छ आवाज. सोबत एका छोट्या प्लास्टिक पिशवीत काळपट आयसी दिली, “ही तुमची जळालेली.” २,८०० रुपये झाले. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल हवं तर वर १८ टक्के लागतील.” मी फोनवरून पैसे पाठवले आणि बिल न घेता निघालो.

इथे एक गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, ती तुमच्या लक्षात राहू द्या. दुरुस्तीनंतर कार्ड त्याच्या कॉम्प्युटरवर चाललं हे मी पाहिलं. दुरुस्तीआधी ते त्याच कॉम्प्युटरवर बिघडलेलं होतं, हे मी पाहिलंच नव्हतं. सकाळी त्याने ते कशालाही जोडलं नव्हतं. सकाळी जोडलं असतं तर तेव्हाही ते तितकंच स्वच्छ वाजलं असतं, हे मला दीड महिन्याने कळलं.

घरी दोन दिवस कार्ड ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोहरी तडतडली. फोन केला तर सूर बदलला होता. “सर, जुनं मॉडेल आहे, एक आयसी बदलली की दुसरी जाते. नवंच घ्या.” नामांकित कंपनीचं सीलबंद कार्ड, बाजारात १५ हजारांचं, मला ९,५०० ला. फुई आठ दिवसांत परत जाणार होती, म्हणून घेतलं. तेही बिलाशिवाय. ते जोडलं तर त्यातूनही चरचर, शिवाय माइकचा आवाज पातळ, फुईचा भरदार गळा जणू पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. यावर त्याने सांगितलं की आता मदरबोर्डच गेला आहे, १२ हजार लागतील. तेव्हा मी थांबलो. फुई पारोळ्याला निघून गेली.

लगीनसराई संपल्यावर भाचा घरी आला. तो धुळ्याला एका ऑर्केस्ट्राचा साऊंड बघतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मामा, कार्डाला हात लावू नका. आधी जागा बदलून बघू.” त्याने माझं जुनं कार्ड स्वतःच्या लॅपटॉपला लावलं, माइक लावला, माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दाबलं आणि तासभर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. एक कण चरचर नाही. म्हणजे कार्ड, माइक, केबल तिन्ही ठणठणीत, आणि दोष उरला तो माझ्या कॉम्प्युटरच्या बाजूला.

मग त्याने डेस्कटॉपवर आधी बफर वाढवला. हे नीट समजून घ्या. बफर म्हणजे आवाजाचे किती नमुने कॉम्प्युटर एका घासात घेतो तो आकडा. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना बफर २५६ ठेवला तर कॉम्प्युटरला प्रत्येक घास ५.३ मिलिसेकंदांत गिळावा लागतो. तेवढ्यात जमलं नाही की आवाजात टक्-टक् येते. बफर १,०२४ केला की हीच मुदत २१ मिलिसेकंदांची होते. वाढवल्यावर चरचर गेली तर दोष ड्रायव्हरचा, वायफायचा किंवा मागे चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामचा असू शकतो. माझ्याकडे काहीच फरक पडला नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीची वीज बचत बंद केली, तरी तेच.

मग त्याने विचारलं, “४८ व्होल्टचं बटण दाबल्यावर जास्त होतं का?” होत होतं. मी ते सुरुवातीपासून पाहत होतो, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. असं कार्ड सगळी वीज यूएसबीच्या वायरीतूनच घेतं. साध्या यूएसबी २ पोर्टातून ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि त्याच ५ व्होल्टमधून कार्ड माइकसाठी ४८ व्होल्ट तयार करतं. बटण दाबलं की ओढ वाढते. भाच्याने पोर्टाचे व्होल्ट दाखवणारा यूएसबी टेस्टर लावला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर बटण दाबताच आकडा ४.४ च्या आसपास घसरायचा. मागच्या पोर्टवर तो ५ वरून हलत नव्हता. कॅबिनेट उघडलं. पुढच्या पोर्टापासून मदरबोर्डापर्यंत एक बारीक वायर जाते, तिचा प्लग अर्धवट निघालेला आणि पिनांवर धुळीचा थर.

कार्ड मागे लावलं. चरचर संपली. त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

तेव्हा ते दोन ‘ठीक’ दिवसही उलगडले. दुकानातून आणल्यावर पुढच्या पोर्टात पेनड्राइव्ह होता, म्हणून मी कार्ड मागे खोचलं होतं. तिसऱ्या दिवशी केबल टेबलापर्यंत पुरेना म्हणून पुन्हा पुढे लावलं. दुरुस्तीचा आणि त्या दोन दिवसांचा काही संबंधच नव्हता.

भाच्याने जुनं कार्ड उलटं केलं. बुडाशी चार रबरी बूच असतात, त्यांच्याखाली स्क्रू. बूच कंपनीच्या मूळ गोंदानेच चिकटलेले होते, कडेला सहा वर्षांची मळाची रेघ अखंड. नख घालून एकेक सोलून काढावा लागला. आत बोर्डावर धुळीची पातळ साय, कुठेही नव्या सोल्डरची चमक नाही. पिशवीतल्या ‘जळालेल्या’ आयसीला आठ पाय होते. बोर्डावरची मुख्य आयसी चौकोनी, चारी बाजूंनी बारीक पाय असलेली, जागच्या जागी. दुकानदाराने कार्ड उघडलंसुद्धा नव्हतं.

नव्या कार्डाची गत वेगळीच. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि बुडावरचा नंबर जुळत नव्हते, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना दोन्ही नाकारले गेले. मल्टिमीटरने एक्सएलआरच्या (माइक जोडायच्या तीन पिनांच्या सॉकेटच्या) एक आणि दोन नंबरच्या पिनांमध्ये मोजलं तर जिथे ४८ च्या आसपास हवेत तिथे १७ व्होल्ट. म्हणून फुईचा आवाज पातळ येत होता. कार्ड डुप्लिकेट होतं.

मी पुन्हा दुकानात गेलो. पिशवीतली आयसी आणि उघडलेल्या बोर्डाचा फोटो त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, “माझ्याकडूनच घेतलं याचा पुरावा काय?” बिल न घेतल्याचं दुखणं तिथे कळलं. पण फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद होती आणि व्हॉट्सॲपवर त्यानेच लिहिलेलं “९५०० फायनल, ओरिजिनल आहे” हेही होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर दुकानदाराला पाठवल्यावर चार दिवसांनी ६,००० रुपये परत आले, बाकीचे नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडचा अर्ज आता लिहून तयार आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकलेल्या वस्तूचं किंवा केलेल्या कामाचं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. हे मला आधी माहीत असतं तर ‘१८ टक्के वर’ ऐकून मी गप्प बसलो नसतो.

सगळेच दुकानदार असे नसतात. जळगावात माझा जुना ॲम्प्लिफायर दोनदा प्रामाणिकपणे दुरुस्त करून देणारा माणूसही मी पाहिलाय, तो कामाला हात लावण्याआधी बिघाड समोर वाजवून दाखवतो.

श्रावणात कानबाईला फुई पुन्हा आली. जुनंच कार्ड, मागचा पोर्ट. झोक्याचं ते तिसरं गाणं तिने पुन्हा म्हटलं, पण मधली दोन कडवी तिला आठवेनात. दोनदा सुरुवातीपासून म्हणून पाहिलं, तिथेच अडली. ती दोन कडवी माझ्याकडे आखाजीच्या दिवसाचीच आहेत, चरचरीसकट.