फ्लोरिडा स्टेटचे २०२४चे सीझन तिकीट : सात घरचे सामने, दोन विजय

महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचे सीझन तिकीट, म्हणजे हंगामातल्या सर्व घरच्या सामन्यांचे एकत्रित तिकीट, नेहमी मागच्या वर्षाच्या कामगिरीवर विकले जाते; पदरात मात्र पुढच्या वर्षाचा संघ पडतो. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या २०२४च्या हंगामात हा व्यवहार जितका उघडा पडला, तितका क्वचितच पडतो. २०२३ मध्ये हा संघ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या आपल्या साखळी गटाच्या विजेतेपदापर्यंत सलग १३ सामने अपराजित राहिला होता, आणि तरीही क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाल्याच्या कारणावरून संघाला राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या चार संघांच्या प्लेऑफमधून वगळण्यात आले होते. त्या निर्णयाची चीड आणि देशात दहाव्या क्रमांकाचे हंगामपूर्व मानांकन, या दोन गोष्टींच्या भरवशावर टॅलाहासीतील डोक कॅम्बेल स्टेडियम या घरच्या मैदानाचे तिकीट घेण्याजोगे वाटत होते. हंगामाअखेर हिशेब निघाला तो २ विजय आणि १० पराभवांचा. १९७४ च्या १-१० नंतर इतकी वाईट कामगिरी या संघाने केली नव्हती.

तिकिटात काय होते, ते आधी पाहू. सात घरचे सामने होते. त्यांत बोस्टन कॉलेज, मेम्फिस, कॅलिफोर्निया, क्लेमसन, नॉर्थ कॅरोलायना, चार्ल्स्टन सदर्न आणि फ्लोरिडा (राज्यातलेच दुसरे विद्यापीठ) असे पाहुणे. कागदावर हा संच उत्तम होता, कारण क्लेमसन आणि फ्लोरिडा हे दोन्ही कट्टर प्रतिस्पर्धी एकाच वर्षी घरी येणार होते. पश्चिमेकडील भागाचे नूतनीकरण चालू असल्याने आसने घटलेली होती, त्यामुळे तिकीट हाती असणे हीच एक मिळकत समजली जात होती.

पहिला धक्का तिकिटाबाहेरचा होता. २४ ऑगस्टला डब्लिनमध्ये जॉर्जिया टेकने शेवटच्या क्षणाच्या ४४ यार्डांवरून खांबांमधून चेंडू लाथाडून केलेल्या फील्ड गोलने २४-२१ असा सामना जिंकला. परदेशातला सामना, हंगामाची सुरुवात, निसटता पराभव, अशी समजूत घालून घेणे तेव्हा शक्य होते. २ सप्टेंबरला, लेबर डेच्या रात्री, बोस्टन कॉलेजने ती सोय ठेवली नाही. निकाल २८-१३ लागला, पण त्याहून बोलका आकडा धावत काढलेल्या अंतराचा होता : पाहुण्यांनी चेंडू घेऊन पळत २६३ यार्ड काढले, यजमानांनी २१. धावण्याच्या खेळात एका चालीला सरासरी दीड यार्डही मिळत नसेल, तर दहा यार्ड पुढे सरकण्याच्या चार संधींपैकी तिसऱ्या संधीला (तिसऱ्या डाउनला) प्रत्येक वेळी लांब पास टाकावा लागतो, समोरच्या बचावफळीला ते आधीच कळते आणि क्वार्टरबॅकला डोके वर करायलाही सवड मिळत नाही. पुढच्या सर्व सामन्यांचे निदान याच एका रात्रीत झाले होते. (त्या रात्री बोस्टन कॉलेजकडून खेळलेला क्वार्टरबॅक थॉमस कॅस्टेलानोस पुढच्या वर्षी फ्लोरिडा स्टेटमध्येच दाखल झाला, हा हिशेबाबाहेरचा विनोद.)

उणीव नेमकी कुठे होती, हे सांगणे कठीण नाही. २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, या संघाचे दहा खेळाडू निवडले गेले. त्यांच्या जागा ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठांतून बदली होऊन येणाऱ्या खेळाडूंतून, भरायच्या हे प्रशिक्षक माइक नॉर्व्हेल यांचे यशस्वी ठरलेले सूत्र होते, पण या वेळी उसने आणलेले हात तितके तयार निघाले नाहीत. क्लेमसन आणि ओरेगॉन स्टेट असा प्रवास करून आलेला क्वार्टरबॅक डीजे उइआगालेले आधी ऑफेन्सिव्ह लाइनच्या (क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या पुढच्या फळीच्या) मागे गुदमरला आणि सप्टेंबरअखेर दुखापतीने बाहेर गेला. त्यानंतर अननुभवी मुलांना मैदानात उतरवण्याशिवाय गत्यंतर उरले नाही. घरी आलेल्या पहिल्या दर्जाच्या सहा संघांपैकी एकाविरुद्धही फ्लोरिडा स्टेटला १४ हून अधिक गुण करता आले नाहीत. चार्ल्स्टन सदर्नविरुद्धचे ४१ गुण या यादीत धरू नयेत, कारण तो संघ खालच्या दर्जाचा आहे.

सात सामन्यांत पैसे वसूल करणारा एकच सापडतो : २१ सप्टेंबरचा, कॅलिफोर्नियावरील १४-९ असा विजय. तोही आक्रमणामुळे मिळाला नाही. बचावफळीने फर्नांडो मेंडोझा या क्वार्टरबॅकला पुन्हा पुन्हा जमिनीवर आणले, म्हणून मिळाला. हाच मेंडोझा पुढच्या वर्षी इंडियानाकडून खेळत सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीचा मानकरी ठरला, त्यामुळे त्या तिकिटाला आज मागे वळून पाहता थोडी जास्त किंमत द्यायला हरकत नाही.

२६ ऑक्टोबरला मायामीकडून हरल्यावर सातवा पराभव झाला आणि हंगामानंतरच्या बोल सामन्यासाठी लागणारे सहा विजय अशक्य झाले. म्हणजे तिकिटातले शेवटचे तीन सामने खरेदीदाराने केवळ हजेरीसाठी विकत घेतले होते. ९ नोव्हेंबरला नोत्र दामकडून ५२-३ अशी दाणादाण उडाल्यावर आक्रमणाच्या आणि बचावाच्या दोन्ही समन्वयक प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आले. हा निर्णय महिनाभर आधी झाला असता, तर निदान घरच्या प्रेक्षकांना काही वेगळे पाहायला मिळाले असते.

मैदानाभोवतीच्या सोहळ्यात मात्र खोट काढता येत नाही. रेनेगेड या घोड्यावर स्वार झालेला ऑसिओला (सेमिनोल आदिवासी नेत्याच्या वेषातला प्रतीकपुरुष) मध्यभागी येऊन पेटता भाला जमिनीत रोवतो, मार्चिंग चीफ्स हा विद्यापीठाचा बँड वाजतो आणि पहिल्या चेंडूपर्यंत हा संघ हरतो आहे हे विसरायला होते. मात्र ३० नोव्हेंबरला, ३१-११ अशा विजयानंतर, फ्लोरिडाच्या खेळाडूने त्याच मध्यभागी आपला झेंडा रोवला, धक्काबुक्की झाली, आणि नॉर्व्हेल यांनी तो झेंडा स्वतः उचलून बाजूला भिरकावला. हंगामातली सर्वांत ठाम कृती सामना संपल्यानंतर घडावी, याहून कठोर अभिप्राय समीक्षकाला लिहिता येणार नाही.

माझे मत असे की, जो सोहळ्यासाठी जातो त्याने सुट्या सामन्याचे तिकीट काढावे. हरणाऱ्या संघाची तिकिटे हंगामाच्या उत्तरार्धात पुनर्विक्रीत मूळ किमतीखाली मिळू शकतात. जो फुटबॉलसाठी जातो, त्याने पूर्ण संच घेण्याआधी गेल्या वर्षीची गुणतालिका बाजूला ठेवून यंदाची ऑफेन्सिव्ह लाइन पाहावी : किती जण मागच्या वर्षीचे आहेत, किती पोर्टलमधून आले आणि त्यांनी एकत्र किती सामने खेळले आहेत. २०२५ मध्ये याच मैदानात पहिल्याच सामन्यात अलाबामाला ३१-१७ असे हरवून संघाने पुन्हा उत्साह पेटवला आणि हंगाम संपवला तो ५-७ वर. तेव्हा पहिल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पाकीट उघडण्याची घाई करू नये.