सीमेक आणि निंजा, आठ महिन्यांच्या वापरानंतर

सीमेक आणि निंजा ही सी++ सारख्या भाषांतल्या सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याची (बिल्ड करण्याची) साधनं. सीमेक स्वतः काहीच कम्पाइल करत नाही, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करत नाही. तो कामाची यादी करतो, राबतो तो निंजा. म्हणून काही बिनसलं की आधी बघायचं ते हे: यादी करताना चुकलं, की राबवताना? बहुतेक तक्रारी पहिल्या टप्प्यातल्या (याला कॉन्फिगर म्हणतात) निघतात, आणि त्यांचं मूळ बिल्ड फोल्डरमधल्या सीमेककॅश फाइलमध्ये (यात सीमेक ठरलेली सेटिंगं साठवतो) असतं.

ही फाइल एकदा धरलेलं सोडत नाही. पहिल्या कॉन्फिगरच्या वेळी जीसीसी हा कम्पायलर सापडला असेल, तर नंतर कम्पायलर कोणता ते सांगणाऱ्या सीएक्सएक्स व्हेरिएबलमध्ये क्लँग हा दुसरा कम्पायलर लिहूनही बिल्ड मुकाट्याने जीसीसीनेच होतो. सीमेकलिस्ट्स या प्रकल्पाच्या सूचनांच्या फाइलमध्ये एखादा ऑप्शन मुळात ऑफ होता तो ऑन केला, तरी जुन्या फोल्डरमध्ये ऑफच राहतो. कोडची नवी प्रत घेणाऱ्याला (क्लोन करणाऱ्याला) मात्र ऑन मिळतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हा वाद इथूनच सुरू होतो. ३.२४ पासून --फ्रेश हा पर्याय आहे, तो कॅश पुसून नव्याने कॉन्फिगर करतो. पण मग कमांडमध्ये -डी (मोठा D) लावून दिलेल्या किमतीही जातात, त्या पुन्हा द्याव्या लागतात. त्या प्रीसेट फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या बऱ्या (३.१९ पासून सोय आहे).

बिल्ड टाइप सांगितला नाही तर निंजाबरोबर तो कोराच राहतो: डीबगही नाही, रिलीजही नाही, ऑप्टिमायझेशनचा (कोड वेगवान करण्याचा) फ्लॅगच जात नाही. प्रोग्रॅम रखडतोय म्हणून प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावण्याआधी कॅशमध्ये ही एक ओळ पाहावी.

ग्लॉब (नावाच्या नमुन्यावरून फाइली शोधणारी सूचना) वापरून सोर्स फाइली गोळा केल्या की नवी फाइल टाकल्याचं सीमेकला कळत नाही आणि लिंक करताना (कम्पाइल झालेले तुकडे जोडताना) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो. फाइलींची यादी पुन्हा तपासायला लावणारं कॉन्फिगर-डिपेंड्स जोडता येतं, पण मग प्रत्येक बिल्डला तपासणीचा भार पडतो. फाइलींची नावं हाताने लिहिणं कंटाळवाणं खरं, पण तेच बरं.

निंजाचा खाक्या वेगळा. बाहेरचा प्रकल्प बिल्ड करून त्याची स्टॅटिक लायब्ररी जोडली, की मेक या जुन्या साधनावर बिनतक्रार चालणारं काम निंजावर ‘मिसिंग अँड नो नोन रूल टू मेक इट’ म्हणून अडतं. निंजाला प्रत्येक फाइल कोण बनवतं हे आधी हवं असतं. त्या लायब्ररीचा मार्ग बायप्रॉडक्ट्समध्ये (त्या कामातून बनणाऱ्या फाइलींच्या यादीत) लिहिला की प्रश्न मिटतो.

मेमरीचा त्रास जास्त चिवट. निंजा आपणहून कोअरपेक्षा २ जास्त कामं एकदम काढतो, म्हणजे १६ कोअरवर १८. एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) चालू असताना इतकी लिंकिंग एकत्र आली की मशीन गुदमरतं आणि कर्नल एखादी प्रोसेस मारतो. -जे (एकदम चालणाऱ्या कामांची संख्या) कमी केलं तर कम्पाइलही हळू होतं. त्याऐवजी जॉब-पूल (कामांचा मर्यादित गट) करून फक्त लिंकिंग २ वर रोखावं. हे निंजावरच चालतं, मेकफाइलवर नाही.

विनाकारण सगळं पुन्हा कम्पाइल होतंय असं वाटलं तर निंजा -डी एक्सप्लेन (इथे लहान d) चालवा. कोणती फाइल कशामुळे जुनी ठरली ते ओळीओळीने दिसतं. या एका सोयीसाठी बाकीचं बरंच माफ.

सीमेक ४.० घेताना मात्र सांभाळून. ३.५ पेक्षा जुन्या आवृत्तीशी सुसंगती त्यात काढून टाकली आहे, त्यामुळे किमान आवृत्ती २.८ लिहिलेल्या जुन्या लायब्ररी कॉन्फिगरलाच थांबतात. पॉलिसी-व्हर्जन-मिनिमम ३.५ देऊन वेळ मारून नेता येते; लायब्ररी आपल्या ताब्यात असेल तर ती ओळच बदलावी.